रेघ आत की बाहेर

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये मी चौकोनाचा गोल करायला शिकले. डाळमिलमध्ये तूर ज्या मोठ्या पत्र्याच्या पेटीत ओततात तिला हॉपर म्हणतात. तिचं वरचं तोंड चौकोनी असतं, म्हणजे पोती रिकामी करायला सोपं जातं, आणि खालचं तोंड गोल, कारण खाली पाइप जोडायचा असतो. मधलं अंग ना धड चौकोनी, ना धड गोल. ते अंग आधी सपाट पत्र्यावर आखायचं, कापायचं, मोडायचं म्हणजे रेघेवर वाकवायचं, आणि मग कडा वेल्डिंगनं जोडायच्या. आखताना चुकलं तर कापताना कळत नाही, मोडतानाही कळत नाही. कळतं ते हॉपर वर चढवल्यावर, सगळ्यांच्या देखत.

माझ्यासारखीनं या कामात पडायलाच नको होतं. मी खोलीला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जाते आणि परत येऊन कुलूप ओढून बघते. एसटीची पाटी स्वतः वाचलेली असते, तरी कंडक्टरला विचारते, आणि तिकीट घेतल्यावर शेजारच्या बाईला विचारते. आमचं गाव हदगावजवळ. तिथं आई सगळ्यांना सांगायची, "ही पोरगी झोपेत बी काळजी करून राहिली." सांगताना हसायची, पण खोटं काही नव्हतं.

नांदेडला पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमा करताना ड्रॉइंगच्या तासाला घनाकृती उलगडायला शिकवायचे. डबा उभा चिरून उलगडला की आयत होतो, वरखाली दोन वर्तुळं उरतात. पिरॅमिड उलगडला की त्रिकोण पसरतात. शंकू उलगडला की वर्तुळाचा एक तुकडा मिळतो. मला तो तास फार आवडायचा. कागदावर काही कोसळत नाही आणि चुकलं तर खोडरबर असतं. पुढं आयुष्यभर खोडरबर मिळणार असल्यासारखी मी निवांत होते.

नोकरी लागली त्या शेडमध्ये मालक, दोन वेल्डर, हेल्पर आणि एक मिस्त्री होते. मिस्त्री निलंग्याकडचे, साठी ओलांडलेले, अंगानं काटकुळे. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणू लागले. ते मला पहिल्या दिवसापासून माय म्हणायचे. आमच्याकडे लेकीच्या वयाच्या बाईलाही माय म्हणतात, त्यामुळे त्यात विशेष काही नव्हतं, पण परक्या गावात बरं वाटलं. मोठ्या कारखान्यांत संगणकावर आकृती काढून मशीननं पत्रा कापतात. आमच्याकडे मामा होते, त्यांचा लोखंडी कंपास होता, काटकोन बघायचा गुण्या, सुतळी आणि खडू.

डिप्लोमा झालेली आहे म्हटल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी माझी परीक्षा घेतली. वर्तमानपत्राचा गोल कापला, भाकरीचा तुकडा मोडावा तशी त्यातून एक फाक काढली आणि उरलेल्या कागदाच्या दोन कडा जवळ ओढल्या. टोपी उभी राहिली.

"फाक आनखी मोठी काढली तर?" त्यांनी विचारलं.

"शंकू अजून टोकदार होईल."

"आन् काढलीच न्हाई तर?"

"मग सपाटच राहील."

"बराबर. कायतरी कापून टाकल्याबिगर उभं ऱ्हात न्हाई," ते म्हणाले आणि चहा सांगितला.

चौकोनातून गोल काढायची त्यांची रीत अशी: चौकोनाच्या चार बाजूंपासून चार सपाट त्रिकोण खाली उतरतात, त्यांची टोकं खालच्या वर्तुळाला टेकतात. मधे उरलेल्या चार कोपऱ्यांत शंकूचे चार तुकडे बसतात. खालच्या वर्तुळाचे बारा भाग करायचे आणि कंपासनं एकेक भाग मोजत पत्र्यावर उतरवायचा. पहिल्या आठवड्यात मी हे केलं आणि हॉपरचं खालचं तोंड घेरात बोटभर लहान आलं. मी घाबरून तीनदा मोजलं. मामा म्हणाले, "गोल म्हंजी लई कोपऱ्याचं डबडंच असतंय. तू बारा कोपरे घेतलेस. कोपऱ्याकोपऱ्यातून सरळ गेलीस, गोल मात्र वळसा घालून जातो. तेवढं कमी पडलं." मग त्यांनी कंपास केसभर जास्त उघडला आणि माझ्या हातात दिला. तो केसभर किती, हे त्यांना कुठल्या पट्टीवर बघावं लागत नसे.

पट्टी त्यांना दिसतच नसे, हे मला महिनाभरानं कळलं. "माय, बघ बरं टेपावर किती आलं, चष्मा घरी राहिला," असं ते म्हणायचे. चष्मा रोजच घरी राहायचा. एके दिवशी त्यांनी कंपासचं टोक रेघेपासून चांगलं दोन बोटं लांब टेकवलं आणि तिथूनच वर्तुळ काढायला लागले. मी त्यांचा हात उचलून रेघेवर ठेवला. ते थांबले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशननंतर पार गेला होता, त्यामुळे मामा दवाखान्याच्या दारातही जायला तयार नव्हते.

"मालकाला सांगू नको," एवढंच ते म्हणाले.

मालक वाईट नव्हते. कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, गळ्यात लिंग, आवाज कधी चढायचा नाही. पण दुसऱ्या शेडमधला एक म्हातारा मिस्त्री घरी बसला तेव्हा ते आमच्या देखत म्हणाले होते, "डोळे हायेत तवर मिस्त्री. मग घरी बसून भजन करावं." सगळे हसले होते. मामाही हसले होते. त्या दिवसापासून माझ्या काळजीला एक नवं घर मिळालं. कळलं तर मामांचं काम जाणार, आणि कळू द्यायचं नाही हे आता माझ्यावर होतं.

मालक अकराला यायचे. मी साडेआठला येऊन आखणी उरकायची. रेघा मारायच्या, रेघांवर पंचनं बारीक ठिपके मारायचे. मग मामा यायचे, ठिपक्यांवरून अंगठा फिरवायचे आणि त्या अंगठ्याच्या भरवशावर पत्रा मोडायचे. मोड इतका नेमका यायचा की मला हेवा वाटायचा. तयार हॉपरच्या बाहेर एकही रेघ नसायची. सगळ्या रेघा आणि ठिपके आतल्या बाजूला, तुरीनं बघावेत असे. असे दहाबारा हॉपर माझ्या डोळ्यांसमोरून गेले. मालक गिऱ्हाइकाला सांगायचे, "आखणी आमच्या मिस्त्रीची, तिला तोड न्हाई." मामा खाली बघायचे आणि मी फाटकाकडे बघायची. सहा महिने असे गेले. रोज अकराला मालकांच्या मोटारसायकलचा आवाज आला की मी खडू मामांच्या हातात द्यायची.

मग रेणापूर रस्त्यावरच्या एका मिलचं काम आलं. तिथं हॉपरच्या बरोबर खाली खांब होता, म्हणून खालचं गोल तोंड मधोमध ठेवता येत नव्हतं. ते भिंतीकडे नऊ इंच आणि दाराकडे चार इंच सरकवायचं होतं. असा वाकडा हॉपर मी आधी कधी आखला नव्हता. चारी कोपऱ्यांतले शंकूचे तुकडे वेगवेगळे, एकही रेघ दुसरीएवढी नाही. दोन दिवस मी आखत होते. प्रत्येक माप तीनदा घेतलं, वहीत लिहिलं, मग वही बंद करून पुन्हा घेतलं. मामांनी विचारलं, "झालं का मनासारखं?" मी म्हटलं, "मनासारखं कधी होत नसतं मामा, पण बरोबर हाय." ते हसले आणि अंगठा ठिपक्यांवर ठेवला.

मिलमध्ये दुपारी चेन पुलीनं हॉपर वर चढवला. आमचे मालक होते, मिलवाले होते, वेल्डर, मामा आणि मी. हॉपर चौकटीत बसला आणि खालचं तोंड मशीनच्या तोंडावर यायच्या ऐवजी खांबावर आलं. भिंतीकडे नऊ इंच बरोबर होतं. चार इंच मात्र दाराच्या उलट बाजूला गेले होते.

मिलवाल्यांनी मालकांकडे बघितलं. वेल्डर म्हणाला, फिरवून बसवू. मी मनातल्या मनात हॉपर फिरवला. चौकोनाला चार बाजू, म्हणून चार वेळा. एका वळणावर नऊ आणि चार जागेवर आल्यासारखे वाटले, पण अदलाबदल होऊन, चाराच्या जागी नऊ. बाकीच्या वळणांवर एखादी तरी बाजू उलटी. आरशात बघितल्यासारखा हॉपर होता तो, आणि आरशातला हात कितीही फिरवला तरी डाव्याचा उजवा होत नाही. आणि मला खरं सांगायचं आहे म्हणून सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की मोडताना मामांनी बाजू उलटी केली असेल, चूक माझी नसेल.

मालक हळू आवाजात म्हणाले, "हे कसं झालं मिस्त्री?"

आखणी माझी म्हणावं तर मामांच्या डोळ्यांचं उघडं पडतं. गप्प बसावं तर सगळं मामांवर जातं. मी दोन्ही बाजूंनी विचार करत होते आणि तेवढ्यात मामाच बोलले.

"माझ्याकडून झालं. मोडताना बाजू उलटी पडली. दिसत न्हाई मला आता, लई दिवस झाले. आखणी ही पोरगी करती. तिचं बराबर हाय. हात माझा चुकला."

मला वाटलं, ते मला वाचवताहेत. त्यांनी इतके दिवस जपलेली गोष्ट माझ्यासाठी सगळ्यांसमोर टाकून दिली. माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी छातीवरचं ओझंही उतरलं. दोन्ही एकदम झालं, याची मला अजून लाज वाटते.

नवा पत्रा आणायला वेळ नव्हता, मिल दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती. मामा म्हणाले, "नवा कशाला? कडा सोडवा, सपाट करा आन् उलट्या अंगानं मोडा. सदरा उलटा करतो तसा. तेच माप, उलटा केला की सुलटा हुतोय." मालक म्हणाले, "बरं. तुम्ही बसा मिस्त्री." ते आवाज न चढवता म्हणाले, पण मामा जाऊन पोत्यांच्या थप्पीजवळ बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. पुढं चार तास त्यांना कोणी पत्र्याला हात लावू दिला नाही.

वेल्डरनं ग्राइंडरनं कडा सोडवल्या. पत्रा उघडला तसं मी वाकून आत बघितलं. माझ्या रेघा आत होत्या. सगळे ठिपके आत, जसे प्रत्येक हॉपरला असायचे तसे. मामांनी बाजू उलटी केली नव्हती. त्यांनी नेहमीसारखा मोडला होता, रेघ पोटात घालून. मीच आखताना समोर दिसणारी बाजू बाहेरची धरली होती, कॉलेजच्या कागदावर धरायचे तशी. इतके दिवस हे बाहेर आलं नाही, कारण सरळ हॉपर दोन्हीकडून सारखाच. आत मोडा की बाहेर मोडा, चौकोन तोच आणि गोलही मधोमधच. वाकडा आल्याबरोबर माझी चूक उघडी पडली. दहाबारा हॉपरांच्या रेघा मी आतून बघितल्या होत्या, पण बघितलेलं डोक्यात गेलं नव्हतं. माप तीनदा घेणारी मी, बाजू एकदाही विचारली नाही.

मी मान वर केली तेव्हा मामा माझ्याच दिशेनं तोंड करून बसले होते. त्यांना मी दिसत नव्हते. तिथं उठून सांगता आलं असतं. आता लपवायचंही काही राहिलं नव्हतं, डोळ्यांचं तर सगळ्यांना कळलं होतं. पण मी विचार केला की त्यांना सगळं माहीतच आहे, त्यांनी ठरवून स्वतःवर घेतलंय, आता मी बोलले तर त्यांनी केलेलं वाया जाईल. भित्र्या माणसाला अशी कारणं लगेच सुचतात. संध्याकाळी हॉपर बसला. दोन मोडांवर पत्रा तडकला होता, तिथं वेल्डिंगचा थर दिला.

दुसऱ्या दिवशी मामा शेडमध्ये आले, टिफिनची पिशवी आणि मोजडीचा जोड घेऊन गेले. मालकांनी त्यांना समजावलं, ऑपरेशन करून घ्या, परत या, काम आहेच. जाताना त्यांनी कंपास माझ्या टेबलावर ठेवला. मी पाया पडले. ते म्हणाले, "नीट ऱ्हा. लई फिकीर करू नको." मी मान हलवली, जशी काही मी ते ऐकणार होते.

निलंग्याला ते लेकीकडे राहायला गेले. तिनं मागं लागून दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं, आणि दोन्ही डोळे चांगले झाले. मालकांनी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा मी तिथंच उभी होते. फोन ठेवून मालक म्हणाले, "म्हणत्यात, नजर आली पर हाताचा भरवसा गेला. येत न्हाईत." मला वाटलं, म्हातारपणी लातूरची धावपळ नको झाली असेल. मला तेच वाटून घ्यायचं होतं.

मी आता मुख्य आखणी करणारी झाले. प्रत्येक पत्र्याआधी कागदाचा छोटा हॉपर करून बघायचे, रेघा आत घालून, आणि पत्र्यावर मोठ्या अक्षरात खडूनं 'आत' लिहायचे. हेल्पर हसायचे. पण दर वेळी तो शब्द लिहिताना मामा पोत्यांजवळ बसलेले दिसायचे. एका रविवारी मी कंपास पिशवीत टाकला आणि निलंग्याची एसटी धरली. पाटी दोनदा वाचली.

मामा घरासमोर ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते, काळा चष्मा लावून. मला लांबूनच ओळखलं. "माय, तू लई बारीक हायेस की. मला तर तू जाड वाटायचीस," ते म्हणाले. लेकीनं चहा आणला, ती आत गेली. मी कंपास काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो बोटानं बाजूला सारला.

"तुलाच ऱ्हाऊ दे. मला काय करायचा? अंगठ्यावर माझा लई भरवसा होता. सगळं जाईल पर अंगठा चुकणार न्हाई म्हणायचो. तो बी चुकला."

मी चहाचा कप खाली ठेवला. चार महिने मी ज्याला त्यांचा मोठेपणा समजत होते, तो मोठेपणा नव्हता. त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना खरंच वाटलं होतं की हात चुकला.

"मामा," मी म्हणाले, "तुम्ही बरोबर मोडला होता. चूक माझी होती. मी दिसणारी बाजू बाहेरची धरून आखलं होतं. तुम्ही रेघ आत घेतली, नेहमीसारखी."

त्यांनी चष्मा काढला. ऑपरेशन झालेले डोळे ओलसर होते आणि थेट माझ्याकडे बघत होते. इतक्या दिवसांत त्यांनी मला असं बघितलं नव्हतं, बघता येतच नव्हतं.

"रेघ आतच होती?"

"आतच होती."

"तू बघितलीस?"

"हो. कडा सोडवल्या तेव्हा."

"म्हंजी त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

त्यांनी बाजूला सारलेला कंपास उचलला, उघडला, मिटला, आणि मांडीवर ठेवून वरून अंगठा फिरवत राहिले. आत लेकीनं काहीतरी विचारलं, त्यांनी ऐकलं नाही.

"चार महिने झाले की गं, माय," ते म्हणाले.